परकोटातलं चंद्रपूर

नागपूरहून ताडोब्याला जाणारे असंख्य पर्यटक चंद्रपूरच्या उंबरठ्यापर्यंत येतात आणि वाघ पाहून परततात. गोंड राजांचं हे शहर पाहण्यासाठी निदान एक दिवस राखून ठेवायला हवा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. सुट्या वास्तू पुष्कळ ठिकाणी उरतात. इथे मात्र मध्ययुगीन नगराची अख्खी आखणी अजून पायाखाली सापडते. सुमारे 11 किलोमीटरचा दगडी परकोट, त्याला जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे. पश्चिमेला इरई नदी, पूर्वेला झरपट नदी. संरक्षण, पाणी आणि वाहतूक यांचा एकत्र विचार इथे दिसतो. दरवाजांवर हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. ती गोंड राजसत्तेची खूण. 1751 मध्ये चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, नागपूरकर भोसल्यांकडे गेला, 1818 मध्ये इंग्रजांनी जिंकला, तरी ही खूण टिकली.

यावर कोणी म्हणेल, तिथे वेरूळसारखं शिल्पवैभव नाही, तट जागोजाग ढासळला आहे, घरं भिंतीला टेकली आहेत, शिवाय खाणींची आणि वीजकेंद्राची धूळ. यातलं काही खोटं नाही. पण वेरूळची लेणी पाहून शहर कसं वसतं हे कळत नाही, ते परकोटाच्या कडेने चालल्यावर कळतं. आणि लोकवस्ती हा इथल्या वारशाचा दोष मानू नये. गोंड राणी हिराईने आपला पती राजा बीरशहा याची समाधी बांधली, महाकालीचं मंदिर उभारलं. त्या महाकालीच्या चैत्र यात्रेला आजही मराठवाड्यातून भाविक येतात. ही परंपरा चालू आहे म्हणूनच हे शहर निव्वळ अवशेष झालेलं नाही. पडझडीचं म्हणाल, तर 2017 मध्ये ‘इको-प्रो’ या संस्थेच्या तरुणांनी श्रमदानाने तटावरची झाडंझुडपं आणि कचरा काढायला घेतला, तेव्हा बुरूज पुन्हा दिसू लागले. दुर्लक्षावर उपाय आहे, तो लोकांच्या हाती आहे. पाहणारे वाढले, तर जपण्याची मागणीही वाढेल. म्हणून दरवाजांपाशी मराठीत आणि गोंडीत माहितीफलक हवेत, परकोटाचा इतिहास सांगणारे स्थानिक वाटाडे तयार व्हायला हवेत आणि ताडोब्याच्या प्रत्येक सहलीत जटपुरा दरवाजापासून सुरू होणारी पायी फेरी असायला हवी.