छायाचित्रण व्यवसायाची पूर्वआखणी
(स्वयंरोजगार मेळाव्यातील भाषण)

गावातील एखादा होतकरू तरुण कर्जाच्या अर्जासाठी सल्ला घ्यावयास सरपंचांकडे किंवा गुरुजींकडे येतो, तेव्हा त्याच्या हाती बहुधा कॅमेऱ्याचे दरपत्रक असते. व्यवसायाचा आराखडा नसतो. आणि घरच्यांनी तर दागिने गहाण ठेवण्याची तयारी केलेली असते. म्हणून अर्ज बँकेत जाण्यापूर्वीच काही प्रश्न त्याला विचारले गेले पाहिजेत.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, त्या काळी ही कला मूठभरांची होती. आज मोबाईलमुळे कॅमेरा घरोघरी पोहोचला आहे. आधार नोंदणीच्या वेळी किंवा पासपोर्ट सेवा केंद्रात छायाचित्र तेथल्या तेथेच घेतले जाते. तेव्हा पासपोर्ट आकाराच्या छायाचित्रांवर दुकान चालेल, ही आशा नव्या माणसाने धरू नये.

राहता राहिली लग्नकार्ये. हा हंगाम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो आणि आषाढात आटोपतो. चातुर्मासात काम जवळजवळ नसते. त्यातच शके १९४८, म्हणजे इसवी सन २०२६ च्या पंचांगात, १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. ऐन हंगामातील महिना त्यात जातो. बँकेचा हप्ता मात्र अधिक मास पाळीत नाही! यास्तव पंचांग समोर ठेवून बारा महिन्यांचा जमाखर्च आधी मांडावा आणि किमान चार महिन्यांचे हप्ते व घरखर्च वेगळे ठेवावेत.

दर ठरवितानाही असाच हिशेब हवा. समजा, साहित्यास ३ लाख रुपये लागले व ते ५ वर्षे टिकले, तर वर्षाची झीज ६० हजार होते. वर्षात ३० कामे मिळाल्यास प्रत्येक कामावर २ हजार रुपये केवळ झिजेचेच पडतात. मदतनिसाची मजुरी, प्रवास, अल्बमची छपाई व कर्जावरील व्याज त्याहून निराळे. शेजारच्या दुकानापेक्षा दर कमी ठेवून स्पर्धा करणारा तरुण पुष्कळदा ही झीजच विसरतो, आणि पाचव्या वर्षी त्याच्याजवळ जुना कॅमेरा तेवढा उरतो.

भांडवलासाठी २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५० हजारांपर्यंतचे ‘शिशु’ व त्यापुढे ५ लाखांपर्यंतचे ‘किशोर’ कर्ज तारणाविना मिळू शकते. दागिने गहाण ठेवण्याआधी या वाटेने जावे. उद्यम नोंदणीस शुल्क नाही. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत छायाचित्रणाचाही समावेश आहे. पहिल्या वर्षी महागडी लेन्स भाड्याने आणणे शहाणपणाचे.

कराराची बाबही लहान नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याकडे जातो. ती छायाचित्रे जाहिरातीसाठी वापरावयाची असतील, तर आगाऊ रकमेच्या पावतीवरच तशी संमती लिहून घ्यावी.

पावसाळ्यातील रिकामे महिने भरून काढण्यास गावातच कामे आहेत. बचत गटांच्या मालाची छायाचित्रे, शाळांची वर्गचित्रे, घराघरांतील जीर्ण छायाचित्रांच्या नव्या प्रती, अशी ही कामे रकमेने लहान असली, तरी हप्ता भागवितात. यातील काही कामे पंचायती व शाळांकडूनच निघतात. ती स्थानिक तरुणाकडे सोपविताना त्याचे देयक महिन्याच्या आत चुकते करावे. मार्चअखेरपर्यंत अडकलेली रक्कम त्याच्या श्रावणातील हप्त्याच्या उपयोगी पडत नाही.