परभूमीतील भाषेचे ऋण



परप्रांतात स्थायिक होणाऱ्याने तेथील भाषा शिकावी, ही अपेक्षा न्याय्य आहे काय, या प्रश्नावर बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली आहे. मुंबई-पुण्यास येणाऱ्याने मराठी शिकलीच पाहिजे, असे आपले ठाम मत असते. तेच माप आज भिलाईत स्वतःस लावून पाहू.

'राष्ट्रभाषा' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. घटनेने ती पदवी कोणत्याच भाषेस दिलेली नाही; कलम ३४३ अन्वये हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. शाळेत शिकलेली हिंदी आम्ही नोकरीत घोटली, तीत टिपणे लिहिली आणि आपले कर्तव्य संपले असे मानले.

हा समज एका वृद्धेने दूर केला. काही वर्षांपूर्वी दुर्गजवळच्या खेड्यातील ही बाई अर्ज घेऊन आमच्यापुढे उभी राहिली. ती छत्तीसगढीत बोले, आम्ही कचेरीच्या हिंदीत विचारीत असू. दोन खेपा घालून तिने जो कागद आणला, तो आम्ही मागितलाच नव्हता. अखेर शिपायाने उलगडा केला. तिच्याच भूमीत वीस वर्षे राहून दुभाष्याची गरज आम्हांस पडली, याची लाज वाटली.

१९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. प्रांतोप्रांतीची माणसे आली आणि हिंदी हे सर्वांचे सामायिक अंगण झाले. परंतु ज्यांच्या गावांच्या जमिनीवर हे नगर वसले, त्यांची बोली आपल्या उंबरठ्याबाहेरच राहिली. २००७ साली राज्याच्या विधानसभेने छत्तीसगढीस राजभाषेचा दर्जा देणारे विधेयक संमत केले. आपल्यापैकी कितीजणांना तिच्यात चार वाक्ये बोलता येतात?

येथे आपल्याला थोर पूर्वसूरी लाभले आहेत. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेले. मराठी मातृभाषेचे गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून शेजारच्या राजनांदगावी अध्यापन करीत हिंदीतील श्रेष्ठ कवी झाले. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. एका घरात दोन भाषा सुखाने नांदल्या. तेव्हा दुसरी भाषा शिकल्याने मराठी बुडेल, ही भीती व्यर्थ होय. मराठी बुडते ती घरात बोलली न गेल्याने.

मग सक्ती करावी काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. काल आलेल्या मजुराची भाकरी भाषेच्या परीक्षेवर टांगणे हा अन्याय आहे. मग तो भिलाईत होवो वा मुंबईत. मात्र ज्याच्या मुक्कामाची वर्षे अधिक आणि ज्याच्या हाती अधिकार अधिक, त्याच्याकडून अपेक्षाही अधिक असावी. अडलेल्या माणसाने अधिकाऱ्याची भाषा शिकण्यापूर्वी अधिकाऱ्याने त्याची शिकावी.

मंडळाने मुलांच्या मराठी वर्गालगत मोठ्यांसाठी छत्तीसगढी संभाषणाचा एक तास सुरू करावा, अशी आमची विनंती आहे. पहिला विद्यार्थी म्हणून आमचे नाव लिहून घ्यावे.