दादाच्या गोळ्यांची वही
(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील वाटचाल’ असा विषय दिला होता. मी त्यांना विचारून तो बदलून घेतला. कारण सकाळी चहाच्या वेळी पी.टी.च्या सरांनी मला विचारलं, “तुझा भाऊ कसा आहे गं? कुठे असतो हल्ली?” हा प्रश्न गेली पंचवीस वर्षं मला विचारला जातो आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, “बाहेरगावी असतो, सर.” आज सकाळी ते उत्तर तोंडातून निघालं नाही. सर, दादा बाहेरगावी नाही. तो याच गावात, आपल्या शाळेपासून दहा मिनिटांवर, आमच्या घरी आहे. त्याला स्किझोफ्रेनिया आहे.

तुमच्यापैकी अनेकांना तो आठवत असेल. आपल्यापुढे दोन वर्षं होता. प्रार्थनेच्या वेळी पेटी वाजवायचा. गणिताच्या बाई आमच्या वर्गात त्याची वही दाखवायच्या आणि मला त्याचा फार राग यायचा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना, १९९७ साली, तो पुण्याहून अचानक घरी आला. होस्टेलच्या भिंतीतून मुलं आपल्याबद्दल बोलतात, असं सांगू लागला. पहिली दोन वर्षं आमच्या घरानेही तेच केलं जे बरीच घरं करतात: अंगारे, गंडे, एक तीर्थक्षेत्र, मग दुसरं. १९९९ साली तो पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञांकडे गेला. आज मी बोलणार आहे ते त्यानंतरच्या गोष्टीबद्दल, म्हणजे औषधांबद्दल. आजाराबद्दल सहानुभूतीने बोलणारे आता पुष्कळ भेटतात. औषधांचा हिशेब मात्र घरात बसून कुणीतरी ठेवावाच लागतो, आणि तो कसा ठेवायचा हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

२०१३ च्या पावसाळ्यात दादा बाथरूममध्ये पडला. त्याला दवाखान्यात नेलं तेव्हा तो पेंगत होता, अंग ताठरलेलं होतं, तोंडातून लाळ गळत होती. मी पुण्याहून रात्रीच्या एस.टी.ने आले. तिथल्या डॉक्टरांनी सगळे कागद मागितले. आईने एक प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली. चौदा वर्षांच्या चिठ्ठ्या होत्या त्यात. मी त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात जमिनीवर तारखेप्रमाणे मांडल्या. त्या रात्री मला जे दिसलं ते असं होतं.

१९९९ मध्ये हॅलोपेरिडॉल सुरू झालं. २००३ मध्ये दादाने गोळ्या टाकून दिल्या, आजार उलटला, म्हणून दर पंधरा दिवसांनी घ्यायचं फ्लुफेनाझिनचं इंजेक्शन आलं. पुढे गोळ्याही पुन्हा सुरू झाल्या, इंजेक्शनही राहिलं. २००८ मध्ये हॅलोपेरिडॉल बदलून ओलान्झापीन द्यायचं ठरलं. जुनं हळूहळू कमी करायचं, नवं हळूहळू वाढवायचं, असा तो बेत होता. निम्म्या वाटेवर दादाला बरं वाटलं आणि सगळे म्हणाले, आता कशाला हात लावायचा? बदल तिथेच थांबला. बदलायला घेतलेलं औषध दुसऱ्याच्या जोडीला कायमचं बसलं. २०१२ मध्ये तो चार महिने माझ्याकडे पुण्यात होता. तिथल्या डॉक्टरांनीही ओलान्झापीनच लिहिलं, पण ते दुसऱ्या कंपनीच्या नावाने मिळालं. गावी परतल्यावर आई जुनी गोळी सकाळी आणि नवी रात्री देऊ लागली. दोन वेगळी पाकिटं, दोन वेगळे रंग. आईने पाकिटावरचं मोठं नाव वाचलं, खालचं बारीक नाव वाचलं नाही. खरं सांगायचं तर मीही वाचलं नव्हतं.

त्या चिठ्ठ्यांवर ‘सुरू’ असा शेरा एकोणीस वेळा होता. ‘बंद’ असा फक्त तीन वेळा. यात कुणा एका डॉक्टरची चूक मी काढणार नाही. प्रत्येक ‘सुरू’ला त्या दिवशी कारण होतं. पण सगळ्या चिठ्ठ्या एकत्र कुणीच पाहिल्या नव्हत्या. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारी मी, माझ्या भावाची पिशवी चौदा वर्षांत एकदाही उघडली नव्हती.

नंतर आम्ही एकाच मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे जायचं ठरवलं. त्यांनी पहिल्याच भेटीत मला एक साधं गणित शिकवलं. प्रत्येक औषधाचा रोजचा डोस त्याच्या कमाल डोसच्या किती टक्के आहे ते काढायचं आणि टक्के एकत्र मिळवायचे. ओलान्झापीनची नेहमीची कमाल २० मिलिग्रॅम. दादा घेत होता ३०, म्हणजे १५० टक्के. हॅलोपेरिडॉलची त्यांनी धरलेली कमाल २०. दादाला १०, म्हणजे ५० टक्के. झाले २०० टक्के, आणि इंजेक्शन अजून मोजलेलंच नाही. बेरीज शंभराच्या वर गेली की तो ‘जास्त डोस’ समजायचा, मग प्रत्येक गोळी एकेकटी कितीही लहान दिसो. दोन औषधं एकत्र दिली की धोका इथेच लपतो. एकेक चिठ्ठी निर्दोष असते, बेरीज नसते.

मी विचारलं, “मग दोन औषधं एकत्र द्यायचीच नसतात का?” त्या म्हणाल्या, “असतात. पण शेवटी, सुरुवातीला नाही.” त्यांनी सांगितलेला क्रम मी तुम्हाला जसाच्या तसा सांगते. आधी एकच औषध, पुरेशा डोसमध्ये, किमान सहा आठवडे, आणि ते खरंच पोटात जातंय याची खात्री करून. नाही लागू पडलं तर दुसरं, तसंच. दोन्ही लागू पडली नाहीत तर क्लोझापीन. अशा हट्टी आजारात क्लोझापीन इतर औषधांपेक्षा सरस आहे हे १९८८ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं. जुन्या औषधावर शंभरात चार रुग्ण सुधारले, क्लोझापीनवर तीस. तेही पुरेसं पडलं नाही, तरच जोडीला दुसरं.

पण आधी पसारा आवरायला हवा होता. दुबार ओलान्झापीन लगेच थांबलं. बाकीची औषधं एका वेळी एकच, आणि तीही थोडी थोडी करून कमी केली. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि काही बिघडलं, तर कशामुळे बिघडलं ते कळत नाही, हे मला माझ्या कामातून ठाऊक होतं. या कामाला चौदा महिने लागले. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन औषधांवरच्या रुग्णांना एका औषधावर आणून पाहिलं होतं. सुमारे दोन-तृतीयांश लोक सहा महिने एकाच औषधावर टिकले, वजनही थोडं उतरलं. उरलेल्यांना ते जमलं नाही. म्हणून कृपा करून ऐका: माझं भाषण ऐकून कुणीही घरी जाऊन कुणाची गोळी बंद करू नका. अचानक बंद करणं हे जास्त देण्याइतकंच धोक्याचं आहे. डॉक्टरांना इतकंच विचारा, “ही गोळी का सुरू आहे, आणि कधीपर्यंत?”

एकाच औषधावर आल्यावर दादा ताठ चालू लागला. आम्ही ज्याला आजार समजत होतो त्यातला बराचसा भाग औषधांचा होता. तोंडाची हालचाल थोडी कमी झाली, पूर्ण गेली नाही. ती जुन्या औषधांची खूण आहे. आवाज मात्र राहिले. म्हणून २०१५ मध्ये क्लोझापीन सुरू झालं.

क्लोझापीनबरोबर एक वही आली. ही बघा, अशी दोनशे पानी. पहिले अठरा आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं, नंतर महिन्याला. कारण थोड्या रुग्णांत पांढऱ्या पेशी धोकादायकपणे उतरतात. ताप आला, घसा दुखला, तर ‘व्हायरल असेल’ म्हणायचं नाही, त्याच दिवशी पेशी मोजायच्या. पोट साफ होतंय का, हे रोज लिहायचं. हसू नका, या औषधाच्या बद्धकोष्ठतेने जीव गेलेले आहेत. आणि दोन दिवसांहून जास्त खंड पडला, तर आधीचा डोस सरळ घ्यायचा नाही, अगदी लहान डोसपासून डॉक्टरांच्या सांगण्याने पुन्हा चढायचं. त्यामुळे लग्नाला जाताना आमच्या घरी आहेराच्या आधी गोळ्यांचा डबा भरला जातो.

क्लोझापीनवर दादा पेटीवर पुन्हा बसला. पण रात्रीचे आवाज अजून होते. रक्तातली औषधाची पातळी तपासली, ती पुरेशी होती. तेव्हा कुठे, २०१८ मध्ये, डॉक्टरांनी जोडीला अरिपिप्रझोल सुचवलं. हे औषध वेगळ्या पद्धतीने काम करतं, आणि वजन-साखरेवर त्याचा भार कमी असतो. एकाच जातीची दोन औषधं देऊन दुष्परिणाम दुप्पट करण्यापेक्षा ही जोडी शहाणपणाची, असं त्या म्हणाल्या. पुढच्याच वर्षी फिनलंडमधल्या ६२ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पुन्हा रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण याच जोडीवर सर्वांत कमी दिसलं. बाईंनी मला तो दाखवला आणि लगेच म्हणाल्या, “या नोंदी आहेत, प्रयोग नाही. तुझ्या भावाचा पुरावा तुझ्या वहीत.”

म्हणून सुरू करण्यापूर्वीच आम्ही तिघांनी, म्हणजे डॉक्टर, दादा आणि मी, वहीत लिहिलं: हे औषध कशासाठी, किती आठवडे बघायचं, आणि फरक पडला नाही तर बंद. बारा आठवडे ठरले. तिसऱ्या आठवड्यात दादाला एका जागी बसवेना, घरभर फेऱ्या. हा अरिपिप्रझोलचाच त्रास. डोस कमी केला, त्रास ओसरला. बाराव्या आठवड्याच्या पानावर दादाच्या अक्षरात आहे: “आवाज शेजारच्या घरात रेडिओ लागल्यासारखे. ऐकू येतात, पण उत्तर द्यावं लागत नाही.” औषध चालू ठेवलं.

एक गोष्ट २०२० ची. लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद, दादाच्या बिड्या आपोआप सुटल्या. आम्ही सगळे खूश. दोन आठवड्यांत तो पुन्हा पेंगू लागला, पाय लटपटू लागले. मला २०१३ आठवलं. फोनवर डॉक्टरांचा पहिला प्रश्न, “बिड्या बंद झाल्या का?” विडीच्या धुरामुळे यकृत क्लोझापीन भराभर संपवतं. धूर थांबला की तोच डोस रक्तात खूप वाढतो. डोस कमी केला, दादा सावरला, बिड्याही सुटल्याच. सिप्रोफ्लोक्सासिनसारख्या साध्या अँटिबायोटिकनेही असंच होऊ शकतं. म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे जातानासुद्धा ती वही बरोबर असते.

आता वहीत दर काही महिन्यांनी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि ठरल्याप्रमाणे ई.सी.जी. यांची नोंद होते. पहिल्या पानावर लाल शाईत: खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ आणि भ्रम एकत्र दिसले, तर वाट न बघता दवाखाना. चिठ्ठीवर कंपनीचं नाव असलं तरी वहीत औषधाचं मूळ नावच जातं. आई आता ब्याऐंशीची आहे, भिंगातून ते बारीक नाव आधी वाचते.

हे सगळं सांगायला मी दादाची परवानगी घेतली. तो म्हणाला, “सांग. पण बिचारा म्हणू नकोस.” तर सर, नीट उत्तर देते. दादा रोज दोन तास काकांच्या दुकानाचा हिशेब बघतो. संध्याकाळी पेटी वाजवतो. काही दिवस वाईट जातात, त्या दिवशी तो खोलीतून बाहेर येत नाही. आज तो आला नाही, कारण गर्दीत त्याला त्रास होतो.

या सभागृहात आपण साठ-सत्तर जण आहोत. माझ्यासारखं ‘बाहेरगावी असतो’ म्हणणारं घर यात आणखी एखादं असेल, असं मला वाटतं. त्यांनी कार्यक्रमानंतर मला गाठावं. रिकामी वही कशी आखायची ते मी दाखवीन. कुणाशी बोलायचं हेच कळत नसेल, तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

आणि बाई, तुम्ही मघाशी म्हणालात की संध्याकाळी घरी येऊन त्याला भेटते. पाचनंतर या. तेव्हा तो पेटीवर असतो. मी त्याला सांगून ठेवते.