पानगळीतलं लग्न आणि कॅमेरा
(मंडळाच्या छायाचित्रण गटात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ता माझी ओळख 'वेडिंग फोटोग्राफर' अशी करून दिली गेली. घरी कळलं तर हसतील. पोट भरतं ते कॉम्प्युटरवर, फोटो हा शनिवार-रविवारचा उद्योग. गेली सहा वर्षं ऑक्टोबर आला की मी व्हरमाँटला जातो आणि तिथे शेतावर होणारी ओळखीपाळखीची लग्नं टिपतो. मानधन म्हणजे जेवण आणि निघताना हातात ठेवलेला मेपल सिरपचा डबा.

आपल्या लग्नात फोटोग्राफरचं काम एका अर्थी सोपं असतं. अंतरपाट धरला की कॅमेरा रोखायचा, 'सावधान' ऐकलं की बोट बटणावर ठेवायचं. भटजी स्वतःच सूचना देतात! या शेतावरच्या लग्नांत बहुधा भटजीच नसतो. व्हरमाँटमध्ये अठरा वर्षांवरचा कुणीही सरकारदरबारी नाव नोंदवून, फी भरून एका लग्नापुरता 'भटजी' होऊ शकतो. साक्षीदारही कायद्याने लागत नाहीत. मग नवरीची मैत्रीण खिशातून कागद काढून वाचते, मध्येच तिला रडू येतं, कुत्रा मधून निघून जातो, सगळे हसतात आणि त्या हसण्यात अंगठी कधी घातली गेली ते कळतसुद्धा नाही. बसायला वाळल्या गवताचे गठ्ठे, थंडीसाठी चौकड्यांची ब्लँकेटं, केकच्या जागी घरचे ॲपल पाय. सुटसुटीत, मोकळं. फोटो काढणाऱ्याचे मात्र हाल.

त्यात तो रंग. पानातलं हरितद्रव्य कमी झालं की आधीपासूनच असलेला पिवळा-केशरी रंग उघडा पडतो. लाल मात्र बरंचसं झाड त्याच दिवसांत नव्याने बनवतं. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री थंडी, पण गोठवणारी नाही, असं जमलं तर मेपल पेटल्यासारखे दिसतात. रंग सप्टेंबरअखेरीस उत्तरेकडच्या डोंगरांवर चढतो आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दक्षिणेकडे, खोऱ्यांत उतरत जातो. लग्नाची तारीख वर्षभर आधी ठरलेली, आणि वाऱ्यापावसाची एक रात्र सगळी आरास खाली उतरवते.

हा लाल रंग कॅमेऱ्याला फसवतो. एकूण हिस्टोग्राम अगदी शहाण्यासारखा दिसतो, पण एकटा लाल चॅनेल करपलेला असतो. घरी येऊन बघावं तर पानांच्या जागी नुसते लाल डाग. म्हणून तिन्ही चॅनेल वेगवेगळे बघा, रॉमध्ये काढा, एक्स्पोजर अर्धा स्टॉप खाली ठेवा. पिवळ्या मेपलच्या अगदी खाली नवरीला उभं करू नका, हळद न लावताच पिवळी दिसते. तिला झाडापासून चार पावलं पुढे आणा, झाड मागे राहू द्या. पोलरायझरने ओल्या पानांवरची चकाकी जाते खरी, पण तो एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो. संध्याकाळी काढून ठेवलेला बरा.

आणि संध्याकाळ लवकर होते. 10 ऑक्टोबरच्या सुमारास तिकडे सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. पण हे पंचांगातलं झालं. खोऱ्यातल्या शेतावर डोंगराची सावली त्याच्या बरीच आधी येते. म्हणून शक्य तर आदल्या दिवशी जाऊन सावली किती वाजता येते ते बघून ठेवा.

मग मंडळी बार्नमध्ये जाते. गोठा, कोठार आणि मंगल कार्यालय असं सगळं एकाच छपराखाली. लाकूड जुनं, काळपट, छप्पर उंच. वर उडवलेला फ्लॅश उसन्या दिलेल्या पुस्तकासारखा, परत येत नाही. मी 1.8 ची लेन्स लावतो, आयएसओ 3200 च्या पुढे नेतो आणि उजेड आहे तोवर मोठ्या दाराजवळ ठाण मांडतो. बार्नमधला सगळ्यात चांगला दिवा म्हणजे ते दार.

हे सगळं शिकायला मला दोन लग्नं लागली. तिसऱ्या लग्नात सगळं बरोबर आलं, आणि त्याच लग्नाबद्दल आज बोलायचं होतं.

आमच्या ऑफिसातल्या एका मुलीचं लग्न, तिच्या वडिलांच्या शेतावर. पूर्वी गाई होत्या, आता नाहीत. वडिलांनी दोन महिने खपून बार्न धुऊन-पुसून काढला होता. तिने मला बजावलं होतं, "रांगा लावून फोटो नकोत. कुणाला उभं करू नकोस." मला तेच हवं होतं. वधूवर हातात हात घालून बार्नमागून चालत आले, म्हणजे कन्येला घेऊन येणारे वडील नाहीत. सोनेरी उन्हाचा अर्धा तास मी त्या दोघांना घेऊन मेपलपाशी होतो. काय फोटो आले म्हणून सांगू! मी स्वतःवरच खूश.

पुढच्या मार्चमध्ये तिचे वडील गेले. अचानक.

आठवड्याभराने तिचा फोन आला. "बाबांचे जेवढे असतील तेवढे पाठव. खराब असले तरी चालतील." मी त्या रात्री 1,312 फ्रेम्स एकेक करून बघितल्या. वडील चार ठिकाणी सापडले. एकात पाठ. एकात कडेला नुसता हात, पायची बशी धरलेला. एकात मागे धूसर चेहरा. मी पानांच्या मागे असताना ते काय करत होते, हे मला तिच्या आईकडून कळलं. आदल्या दिवशीच्या पावसाने शेतात चिखल झाला होता आणि ते पार्किंग सांभाळत होते, रुतलेल्या गाड्या ट्रॅक्टरने ओढत होते. मध्ये एकदा बार्नच्या मागे त्यांनी आपल्या म्हाताऱ्या बहिणीबरोबर नाच केला होता. ते बघायला मी तिथे नव्हतो.

चौथा फोटो मात्र लख्ख होता. मी गाडीतून उतरल्या उतरल्या एक्स्पोजर बघायला कुठेतरी रोखून काढलेली चाचणीची फ्रेम. त्यात ते गुडघ्यापर्यंतचे बूट, वर लग्नाचा कोट अशा थाटात उभे, मला हाताने 'डावीकडे घे, डावीकडे' सांगताहेत आणि हसताहेत. डिलीट करायची राहून गेली होती, एवढंच.

त्यानंतर मी लग्नाआधी एक फोन करतो. पोझची यादी मागत नाही, माणसांची मागतो. घरातलं कोण, म्हातारं कोण, कॅमेरा दिसला की कोण पळतं, आणि काम कोण करणार आहे. हे शेवटचं नक्की विचारतो. पानांना दहा मिनिटं देतो. कुणी रांगा नको म्हणालं तरी घरच्यांचा एक फोटो दाराच्या उजेडात काढतोच, थोडा वाईटपणा घेऊन.

येत्या ऑक्टोबरात तिच्या धाकट्या भावाचं लग्न आहे, त्याच बार्नमध्ये. परवा त्यांच्या आईचा फोन आला होता. म्हणाल्या, "जरा लवकर ये. पार्किंगला यंदा मी उभी राहणार आहे."