राहिलेला टाका

दुपारची भांडी घासून झाली असतील, नसतील तर घासता घासता ऐका. आज आम्ही बोलणार आहोत सुटलेल्या छंदाबद्दल. हौसेनं सुरू केलेली गोष्ट मध्येच का सुटते आणि ती परत हातात कशी धरायची, एवढाच आजचा विषय.

छंद म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या जणी म्हणतात, "आम्हाला कसला आलाय छंद?" पण एखादी सणावाराला नवीन रांगोळी घालून बघते. कुणी एकादशीच्या भजनात टाळ धरते, तर कुणी मोरीच्या पाण्यावर चार फुलझाडं जगवते. पोटासाठी करावं लागत नाही, तरी केल्याशिवाय करमत नाही, तो छंद. तो आपल्याला आहे, फक्त त्याला छंद म्हणायची आपल्याला सवय नाही.

आमचा छंद गोधडीचा. बचत गटातल्या आम्ही नऊ-दहा जणी मंगळवारी दुपारी दोन ते चार समाजमंदिराच्या ओट्यावर बसतो. जुनी सुती लुगडी आणि साड्या वरखाली, आत धोतराचे, सदऱ्यांचे तुकडे, आणि मग कडेपासून आत येत जाणारा धावदोरा. गोधड्या आम्ही विकत नाही. लेकीच्या बाळंतपणाला, नातवाला, नाहीतर आपल्याच अंथरुणाला शिवतो. सांगायला सोपं आहे, पण वर्षातले सगळे मंगळवार आम्हाला कधीच मिळत नाहीत. काय काय आडवं येतं ते एकेक करून सांगतो.

पहिलं, शेतीचा हंगाम. दसऱ्याच्या मागंपुढं सोयाबीनची काढणी निघते, दिवाळी झाली की कापसाची वेचणी जोरात असते. त्या दिवसांत मजुरी बुडवून कुणी सुई धरणार नाही, धरूही नये. चैत्र-वैशाखात एकीकडं लग्नं आणि दुसरीकडं पाण्याची टंचाई. टँकर कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून हंड्यापाशी कुणीतरी थांबावं लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा आपणच.

दुसरं, घरातलं अचानक येणारं. पोराला ताप येतो, पाहुणे न सांगता येतात, सासूबाई मोरीत घसरतात आणि महिना-दीड महिना त्यांचं सगळं अंथरुणावर करावं लागतं.

तिसरं, लोकांचं बोलणं. "रिकाम्या आहेत म्हणून बसतात." हे ऐकलं की पाय मागं ओढतो. अशा वेळी एक आकडा लक्षात ठेवा. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर पाहणी केली, लोक दिवसाचा वेळ कशात घालवतात याची. तेव्हा घरकाम करणाऱ्या बायकांची बिनपगारी घरकामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची जात होती ९७ मिनिटं. पोराबाळांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही, शेतातलं कामही वेगळं. एवढं करून आठवड्याला दोन तास ओट्यावर बसणारी बाई रिकामी कशी?

चौथं कारण बाया बोलून दाखवत नाहीत, ते म्हणजे डोळे. आमच्यातल्या एक काकू हळूहळू यायच्या बंद झाल्या. कधी म्हणाल्या गुडघा दुखतो, कधी म्हणाल्या म्हशीला बघायला कुणी नाही. खरं कारण त्यांच्या सुनेनं सांगितलं. त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता आणि दहा जणींसमोर "ओवून द्या गं" म्हणायची लाज वाटत होती. वयाच्या चाळिशीच्या पुढं जवळचं अंधुक दिसायला लागतं, ते बहुतेक सगळ्यांचंच होतं. त्या चष्म्याला आपण चाळिशी म्हणतो ते त्यामुळंच. ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात डोळे तपासून मिळतात. कोणत्या दिवशी जायचं ते आशाताईंना विचारा. अंदाजानं दुसऱ्याचा चष्मा लावू नका. आणि नजर एकदम कमी झाली, डोळा लाल होऊन दुखला किंवा साखरेचा आजार असला, तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. काकूंना चाळिशी लागली. आता त्या सगळ्यात बारीक टाका घालतात आणि आमच्या टाक्यांना नावं ठेवतात.

पाचवं कारण सगळ्यात जड. आमच्यातल्या एकीचे मालक गेल्या पावसाळ्यात वारले. सुतक संपलं, वर्षश्राद्धही झालं, तरी ती येईना. रंगीत तुकडे हातात घेतले तर लोक काय म्हणतील, ही धास्ती. आम्ही तिला बोलवायचं थांबवलं आणि एका मंगळवारी आमचं गाठोडं घेऊन तिच्याच ओसरीवर जाऊन बसलो. तिचे थोरले दीर जरा कुरकुरले. आमच्यातल्या वडीलधाऱ्या आत्याबाई त्यांना म्हणाल्या, "भाऊ, थंडी वाजायची काय तिची बंद झाली?" त्यावर ते काही बोलले नाहीत. तासाभरानं ती आतून मालकांचे दोन सदरे घेऊन आली आणि म्हणाली, "हे आत घालता येतील का?" ती गोधडी अजून चालू आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ साली विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, तो पुष्कळ जणींनी ऐकला असेल. ठराव ग्रामपंचायतीनं करायचा, पण शेजारणीच्या ओसरीवर जाऊन बसायचं काम आपलं.

आता खरी गोष्ट सांगतो. या पाचांपैकी कशानंही छंद एका दिवसात सुटत नाही. एक मंगळवार चुकतो, मग दुसरा. तिसऱ्याला सवड असते, पण तोवर संकोच आलेला असतो. सासूबाईंचं करण्यात जिचे सहा मंगळवार गेले होते, ती नळावर भेटली तेव्हा म्हणाली, "आता कोणत्या तोंडानं येऊ?" दुसरी म्हणाली, "तोंडानं कुठं शिवायचंय, हातानं शिवायचंय. हात घेऊन ये." अडचण सहा आठवड्यांची होती, ती संपली होती. पुढं आडवा येत होता तो संकोच.

तो येऊ नये म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवून ठेवल्या आहेत. तुमचा छंद कोणताही असो, उपयोगी पडतील.

एक, दंड नाही. बचत गटाच्या बैठकीला गैरहजर राहिलं तर दंड असतो, तो तिथं ठीक आहे, तिथं पैशाचा व्यवहार आहे. छंदाला दंड लावला तर चुकलेली बाई परत येत नाही. "कुठं होतीस इतके दिवस?" हेही विचारायचं नाही. तिची घडी उलगडायची, राहिलेला टाका दाखवायचा आणि सरकून जागा द्यायची.

दोन, सुट्टी घ्यायची ती तारीख ठरवून. सोयाबीन काढणीत आम्ही तीन आठवडे बसतच नाही. पण शेवटच्या दिवशीच पुढचा मंगळवार कोणता ते भिंतीवर खडूनं लिहितो. "सवड मिळाली की बसू" असं म्हटलं की सवड मिळत नाही.

तीन, घरी एक लहान काम ठेवायचं. अडचणीच्या दिवसांत मोठी गोधडी उलगडणं होत नाही. तेव्हा बाळाचं दुपटं घ्यायचं आणि एक दोरा संपेपर्यंत शिवायचं, त्याहून जास्त नाही. भजन असेल तर एक अभंग, वाचन असेल तर एक पान. हाताची सवय मोडत नाही.

चार, सामान तयार ठेवायचं. दोरा ओवलेली सुई एका चिंधीत टोचून गाठोड्यात ठेवायची आणि गाठोडं पोरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर, पण आपल्या नजरेसमोर. पेटीच्या तळाशी गेलं की ते पुढच्या दिवाळीतच निघतं.

पाच, घरात सांगून ठेवायचं. "मंगळवारी दोन ते चार मी नाही, चहा तुम्ही करून घ्या." पहिल्यांदा नाकं मुरडतील. चार मंगळवार गेले की साखरेचा डबा त्यांचा त्यांना सापडतो.

कुणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला? म्हणून जात्याचं सांगतो. आपल्या आया-आज्या पहाटे दळताना ओव्या म्हणायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. मग पिठाची गिरणी आली. दळणाचे कष्ट वाचले, ते बरंच झालं. पण ओवी जात्याला बांधलेली होती, जातं थांबलं तशी ती बहुतेक घरांतून गेली. तिला दुसरी जागा कुणी दिली नाही. गोधडीचंही तसंच होऊ शकतं. आता बाजारात ब्लँकेट मिळतं, गोधडीवाचून कुणाचं अडत नाही. ज्याच्यावाचून घराचं अडत नाही, त्याला दिवस आणि वेळ आपणच ठरवून द्यावी लागते.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एक काम करा. तुमचं स्वतःचं काही अर्धवट पडलं असेल तर ते खाली काढा आणि एक दोरा शिवा. आणि तुमच्या गटातली, भजनातली जी बरेच दिवस दिसली नाही तिच्या दारात जा. का येत नाहीस ते विचारू नका. पुढची बैठक कोणत्या वारी आहे तेवढं सांगा, आणि जाताना तिला हाक मारायला विसरू नका.