वाकडे झाकण कोणाचे पाप?



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले, ते कारखान्याच्या दारात आणि सार्वजनिक वाचनालयात. असा माणूस रसायनशास्त्रावर बोलायला उभा राहिला याचे आपल्याला नवल वाटेल. पण हा विषय मला एका तंट्याने शिकविला.

एका कारखान्यात पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यांची झाकणे होत. उत्पादन वाढावे म्हणून साच्यात माल निवण्याचा वेळ कमी करण्यात आला. बाहेर पडताना झाकण सरळ दिसे. दुसऱ्या दिवशी वाकडे होऊन डब्यावर बसेना. ठपका आला यंत्रावरच्या कामगारांवर. त्यांचे पगार कापले गेले. मी पुस्तके उघडली.

प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या. वितळलेल्या मालात त्या शिजलेल्या शेवयांसारख्या गुंतलेल्या असतात. साध्या पॉलिस्टायरिनच्या साखळ्या निवल्यावरही तशाच राहतात, म्हणून ते काचेसारखे नितळ दिसते. पॉलिप्रॉपिलीनचे तसे नाही. १९५४ साली इटलीत नाट्टा यांनी त्याच्या साखळ्या एकसारख्या घडणीच्या करून दाखविल्या. अशा साखळ्या निवताना घड्या घालून शेजारी शेजारी बसतात. हेच स्फटिक. सगळ्या बसत नाहीत. काही गुंत्यातच राहतात.

स्फटिकांमुळे माल ताठ होतो, उष्णता अधिक सोसतो, आणि प्रकाश विखुरल्यामुळे दुधी दिसतो. शिवाय घडी घातलेले कपडे कमी जागा घेतात, तसा तो आकसतो. १०० मिलिमीटरच्या साच्यात पॉलिस्टायरिन सुमारे अर्धा मिलिमीटर आकसते. पॉलिप्रॉपिलीन साधारण दीड ते दोन.

या घड्या बसायला वेळ लागतो. झाकण गरम असतानाच बाहेर काढले, तर उरलेले स्फटिक साच्याबाहेर बनतात, आणि तेथे आकार धरून ठेवणारे कोणी नसते. जी बाजू अधिक वेळ गरम राहते ती अधिक आकसते. झाकण तिकडे ओढले जाते. साच्याच्या दोन्ही अंगांना पाणी सारखे खेळले नाही, तरी हेच होते.

कोणी म्हणेल, मग अगदी गार पाणी सोडा. त्याने स्फटिक कमी आणि बारीक होतात, माल चिवट होतो. पण ताठपणा घटतो, आणि राहिलेले आकसणे पुढे सावकाश चालू राहते. फुकट काहीच मिळत नाही.

मी दोन झाकणे व्यवस्थापकांच्या टेबलावर ठेवली : एक जुन्या वेळेचे, एक नव्या. वेळ पूर्ववत झाली. कापलेले पैसे मात्र अर्धेच परत आले.

मित्रहो, यंत्रावरचे घड्याळ कामगाराने लावलेले नव्हते. माल वाकडा निघाला, तर आधी ते घड्याळ पाहावे, मग माणसाकडे बोट दाखवावे.