मोगली पुन्हा येईल का?

1993 साल. शहापूर तालुक्यातल्या सापगावात ज्या घरी टीव्ही असे, त्या घरी रविवारी सकाळी आळीतली पोरं गोळा व्हायची. मुंग्या दिसू लागल्या की एकजण कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून ओरडा व्हायचा, "आलं, आलं, थांब!" कारण सुरू व्हायचं ‘जंगल बुक’, जंगलात वाढलेल्या मोगलीची कार्टून मालिका.

मालिका मूळ जपानी. निप्पॉन ॲनिमेशनने 1989 साली बनवलेली, एकूण 52 भागांची. हिंदीसाठी गीत गुलजारांचं, संगीत विशाल भारद्वाज यांचं, आणि शेरखान वाघाचा आवाज आपल्या मुरूडच्या नाना पाटेकरांचा! मूळ कथा लिहिणारे किपलिंगही मुंबईतच जन्मलेले.

एप्रिल 2020 मध्ये, टाळेबंदीत, दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली, दुपारी एक वाजता. आईबाप रमले, पोरं मात्र मोबाइलकडे वळली. पुढे काय? अमेरिकेतली ‘फ्युचुरामा’ ही कार्टून मालिका 2003 मध्ये बंद पडली, 2008 मध्ये नव्याने आली, 2013 मध्ये पुन्हा थांबली, आणि 2023 मध्ये नवे भाग घेऊन परतली. मोगलीला तसे नवे भाग मिळाले नाहीत. आले ते जुनेच. आठवणींच्या जोरावर मालिका एकदा परतते, टिकत नाही, असं माझं मत.

पुन्हा आणायचीच असेल, तर सह्याद्री वाहिनीने ती मराठीत आणावी. तानसा अभयारण्याशेजारच्या पोरांना शेरखान मराठीत डरकाळी फोडताना ऐकू द्या.